बेसवाल्या बिंदूची माघार

चूक मागे टाकून पुढे जाणं बिंदुमाधवला जमतच नसे. आमच्या बँडचा सगळा सत्यानाश या एका सवयीत होता, आणि ती सवय त्याला रामघाटावरच्या वेदपाठशाळेत खुद्द त्याच्या वडिलांनी लावली होती, असं तेव्हा आम्ही सगळेच समजत होतो.

आधी बँडचं सांगते. चौऱ्याण्णव साली ‘बनारस थंडर’ हे नाव ठाऊक असलेली माणसं शहरात फार नव्हती, आणि जी होती त्यांतली निम्मी आमची नातेवाईक होती. मुकुल श्रीवास्तव कीबोर्ड वाजवायचा आणि हुकूम सोडायचा. कीबोर्ड त्याचा, स्पीकर त्याचे, आणि मैदागिनजवळच्या ज्या साड्यांच्या गोदामात आम्ही दर रविवारी प्रॅक्टिस करायचो तेही त्याच्या काकांचं, तेव्हा त्याला कोण बोलणार? ड्रमवर रेल्वे कॉलनीतला विश्वेश होता, हाताने दणकट आणि स्वभावाने अगदी गरीब. गायची मी, मालविका. माझे वडील बँकेत बदलीवर बनारसला आले आणि इथल्या कचोरीच्या नादाने इथेच राहिले. आणि बेस गिटार वाजवायचा बिंदू.

बेस म्हणजे चार तारांची गिटार, खालचा जाड आवाज देणारी. हे प्रत्येक कार्यक्रमात कुणाला ना कुणाला समजावून सांगावं लागे. लोक कीव येऊन विचारायचे, बाकीच्या दोन तारा तुटल्या का. एका लग्नात नवरदेवाचे मामा त्या दोन तारा आणायला बाजारात निघालेच होते, विश्वेशने त्यांना धरून खाली बसवलं. बिंदू या सगळ्यावर नुसता हसायचा. आपला आवाज कुणाला वेगळा ऐकू येत नाही याचं त्याला काही वाटत नसे. बेस सुरू झाला की त्याचा चेहरा झोपाळ्यावर बसलेल्या पोरासारखा होऊन जायचा.

तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. आठव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत त्याने पाठशाळेत ऋग्वेद पाठ केला, मग एक दिवस उठला आणि कॉमर्सला गेला. आता एका विमा कचेरीत कारकुनी करायचा. पाठशाळेने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, कुठलंही गाणं दोनदा ऐकलं की त्याला पाठ. दुसरी, मान. तिथे लहान मुलांना स्वर शिकवताना गुरुजी मुलाचं डोकं हातात धरतात आणि खालच्या स्वराला खाली, वरच्याला वर करतात. बिंदूचं डोकं जे तेव्हा हलायला लागलं ते बेसवरही हलतच राहिलं. प्रेक्षकांना वाटे ही विलायती स्टाइल आहे. विद्यापीठाजवळच्या लंका मोहल्ल्यातली दोन-चार पोरं ती आरशासमोर शिकत होती म्हणे. ऋग्वेदाचे स्वर फिल्मी गाण्यावर हलताना पाहून मला इतकं हसू यायचं की मी स्टेजवर त्याच्याकडे बघतच नसे.

आता ती सवय. पाठशाळेत एक शब्द चुकला की गुरुजी काही बोलत नसत. मुलाने आपण होऊन त्या तुकड्याच्या पहिल्या शब्दावर यायचं आणि सगळं नीट म्हणत पुढे जायचं. बिंदू फारसा चुकत नसे. पण तीन-चार कार्यक्रमांत एकदा चुके, आणि चुकला की बेससकट गाण्याच्या सुरुवातीला जाऊन उभा राही.

त्या पावसाळ्यात एका हॉस्टेलच्या कार्यक्रमात हेच झालं. मी दुसऱ्या अंतऱ्यात होते. बिंदूचं बोट घसरलं, आणि तो मुखड्यावर परतला. विश्वेश बेसच्या पावलावर पाऊल ठेवून वाजवणारा, तो बिचारा त्याच्या मागोमाग गेला. मुकुल रागाने पुढे निघून गेला. मी मधेच लोंबकळत राहिले. एका गाण्याची तीन गाणी झाली आणि पोरांनी शिट्ट्या मारून छप्पर डोक्यावर घेतलं.

मुकुलने पुढच्या रविवारी गोदामात सगळ्यांसमोर निकाल दिला. “बिंदू गुरु, अब की पीछे लौटे तो बस. इलाहाबाद वाला लड़का तैयार बैठा है.” ‘अब की’ म्हणजे कार्तिकात, त्याच्या काकांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, गंगेवर बजड्यात होणारा कार्यक्रम. बजडा म्हणजे वर छत असलेली मोठी नाव.

बिंदूने मान खाली घातली. मुकुल गेल्यावर साड्यांच्या गठ्ठ्यावर बसून तो मला म्हणाला, “मी ठरवतो गं पुढे जायचं. हात ऐकत नाहीत. आणि हे गेलं तर माझ्याकडे आठवडाभर नुसती कारकुनीच उरते.” त्याचा चेहरा पाहून मला रडू यायला हवं होतं. मला आला राग.

माझा राग पायात उतरतो. मैदागिनपासून रामघाटापर्यंतच्या गल्ल्या मी तरातरा चालत गेले, दोन सांड आणि एक दूधवाला यांना वाट द्यायला लावली, आणि पाठशाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. बिंदूचे वडील, दिनानाथशास्त्री, ओसरीवर बसले होते. सगळा घाट त्यांना वचकून असायचा. त्यांचं आणि बिंदूचं गेली सहा वर्षं दूध, नळ आणि किल्ली यांपलीकडे बोलणं नव्हतं. बेस मात्र घरात खुंटीला टांगलेला होता, आणि त्यावरून ते एक अक्षर बोलले नव्हते.

मी नमस्कार केला आणि म्हणाले, “गुरुजी, तुमच्या शिकवण्याने आमचा बँड बुडतोय.”

आतल्या मुलांचा पाठ मधेच थांबला. गुरुजींनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि एखाद्या शास्त्रार्थाला बसावं तसे प्रश्न विचारू लागले. चूक नेमकी कुठे झाली, तेव्हा बाकीचे कुठे होते, तो मागे आल्यावर त्याच्याबरोबर कोण आलं. मी विश्वेशचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी हळहळ व्यक्त केली. मग विचारलं, “एका वेळी किती जण बरोबर वाजवता?”

“चौघं.”

“चौघं बरोबर असताना हा एकटा मागे फिरतो?” त्यांचे कान लाल झाले. “हे मी शिकवलेलं नाही.”

मग त्यांनी मला समजावलं. गुरूसमोर एकटा बसून म्हणताना चुकलं तर मागे यायचं, ते शिकण्यासाठी. पण सभेत दहा जण बरोबर म्हणत असतात. तिथे ज्याचा शब्द सुटला त्याने तोंड मिटायचं, बाकीच्यांना पुढे जाऊ द्यायचं, आणि पुढच्या शब्दाला त्यांना जाऊन मिळायचं. आपल्या एका चुकीसाठी नऊ जणांना मागे ओढायचं नाही. तुमचा तो कीबोर्डवाला बरोबर बोलतो, असंही म्हणाले. मुकुलची बाजू घेणारा माणूस मला रामघाटावर भेटेल असं वाटलं नव्हतं.

“हे सभेत बसल्यावरच कळतं,” ते शेवटी म्हणाले. “सभेत बसायच्या आधीच तो उठून गेला.”

हे वाक्य ते अगदी हळू बोलले. मी भांडायला गेले होते, आणि त्यांनी मागवलेलं पाणी तेव्हा कुठे प्यायले.

उठताना त्यांनी मला निरोप दिला, रविवारी सकाळी त्याला पाठव, अंघोळ करून ये म्हणावं. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच नळावर अंघोळ करणाऱ्या मुलाला हा निरोप मी मैदागिनला जाऊन दिला. बिंदू आधी पांढरा पडला, मग मला ओरडला, मग म्हणाला, “खरंच बोलावलंय?”

त्या रविवारी मी पाठशाळेबाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. गुरुजींनी बिंदूला चार मुलांच्या मधोमध बसवलं होतं. मुलांना हुकूम होता, याला चुकवा. असा हुकूम त्या पाठशाळेत पूर्वी कधी सुटला नसावा. पाठ सुरू झाला आणि एकाने खोकला काढला, एकाने शिंक दिली, तिसऱ्याने खुशाल त्याच्या पोटरीला चिमटा काढला. बिंदू चुकला आणि सवयीने मागे फिरला. मुलं पुढे निघून गेली, हा एकटा मागे बोंबलत राहिला. पुन्हा तेच. गुरुजी तोंडावर उपरणं धरून बसले होते, ते कशासाठी हे मला बाहेरूनही कळत होतं. किती वेळाने कोण जाणे, एकदा तो चुकला आणि तोंड मिटून बसला. डोळे मोठे, गाल फुगलेले. पुढच्या शब्दाला त्याने झेप घेतली आणि पाचही आवाज एक झाले.

गुरुजी म्हणाले, “हं.” बिंदू त्या एका हुंकारावर तरंगत बाहेर आला आणि माझ्या अंगावर जवळजवळ पडलाच.

पण तोंडाला कळलेलं बोटांना कळतंच असं नाही. पुढचे सगळे रविवार तो गोदामात एकदाही चुकला नाही, त्यामुळे चुकल्यावर काय करेल हे कुणालाच कळलं नाही. विश्वेशने मला हळूच विचारलं, तो मागे फिरला तर मी काय करू? मी म्हटलं, जा तू पण इलाहाबादला.

कार्तिकातल्या त्या संध्याकाळी बजडा दशाश्वमेधवरून सुटला. शेजारच्या होडीत जनरेटर, बजड्यात झेंडूच्या माळा, काका-काकू नव्या जरीत, पाहुण्यांच्या तोंडात पान. विश्वेशचे ड्रम सुतळीने खांबांना बांधले होते, तरी लाटेबरोबर ते थोडे इकडे-तिकडे जात आणि विश्वेश त्यांच्या मागे सरकत राही. दोन गाणी झकास झाली. मणिकर्णिका आली तसं वाजवणं थांबवलं, हात जोडले, पाहुणेही गप्प झाले. चिता मागे पडल्यावर मुकुलने खूण केली आणि आम्ही सगळ्यात जलद गाणं धरलं. काकू नाचायला उठल्या. त्या उठल्यावर कोण बसणार? बजडा असा डुलायला लागला की नाव हाकणाऱ्या मल्लाहाने रामनाम घेतलं.

दुसऱ्या अंतऱ्याला रामघाट आला. पंचगंगेच्या बाजूला आकाशदिवे लागले होते. पायऱ्यांवर गुरुजी संध्येला बसले होते आणि त्यांच्यामागे पाठशाळेतली ती चार मुलं, आमच्याकडे बोट दाखवत. बिंदूने त्यांना पाहिलं. मी बिंदूला पाहिलं. त्याची मान चुकीच्या स्वराला वर गेली आणि बोट घसरलं.

मी गात होते, पण माझं सगळं लक्ष त्याच्या हातांत होतं. हात मागे निघाले. मला स्पष्ट दिसलं, मुखड्याच्या पहिल्या सुराकडे ते निघाले, आणि तारांवर थबकले. बेस बंद झाला. अंधारात एक पायरी कमी निघावी तसं मला झालं. इतके दिवस मी त्या आवाजावर उभी होते आणि मला ते ठाऊकच नव्हतं. बिंदू डोळे मोठे करून, गाल फुगवून उभा होता. विश्वेश त्याच्याकडे बघत जिवाच्या आकांताने पुढे वाजवत राहिला. मी पुढे गेले, मुकुल पुढे गेला, आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दाला बेस धडधडत येऊन आम्हाला मिळाला.

पायऱ्यांवर गुरुजींनी आशीर्वाद द्यावा तसा उजवा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. मुकुलला काही कळलं नाही, तो मान डोलावत मजेत वाजवत होता. मधल्या तुकड्यात मला गायचं नव्हतं, तेवढ्यात बिंदू वाजवता वाजवता माझ्याजवळ सरकला. त्याचे डोळे वाहत होते आणि दात दिसत होते. मला कानात सांगायचं म्हणून तो वाकला, पण माईक माझ्या हातात होता, आणि तो आमच्या दोघांच्या तोंडांच्या बरोबर मधे होता.

“चुकलो मी, मालविका, आणि पुढे आलो. बाबांना ऐकू आलं.”

हे बजड्यावरच्या चारही भोंग्यांतून बालाजी घाटापर्यंत गेलं. मुकुलने कीबोर्डवरून मान वर केली आणि गोंधळून विचारलं, “कब चूके?” पायऱ्यांवरची मुलं हसून लोळायला लागली. गुरुजींनी त्यांना दटावण्यासाठी मान फिरवली, पण दटावणं काही त्यांना जमेना, आणि त्यांनी संध्येच्या आसनावर बसल्या बसल्या मोठ्याने ओरडून सांगितलं, “बिंदू, जेवायला थांबतो रे मी.”