दाजींचं दीड विमान

पडदा वर जातो. मागे रवळनाथाचं देऊळ, डावीकडे फणस, उजवीकडे गावकरी, आणि अगदी मधोमध, केळीच्या पानांवर पाय वर करून पडलेला रानडुक्कर. साल १९५८. कट्ट्याच्या बाजारापासून दोन मैल आतल्या गावची शिमग्याआधीची पारध नुकतीच संपली होती.

डुकरासमोर वही घेऊन दाजी परब बसले होते. लढाईत ते विमानदळात होते आणि त्यांनी दीड जपानी विमान पाडलं, हे गावात पोरासोरांना पाठ. खरं तर दाजी तिकडे पाडलेल्या विमानांची नोंद ठेवणारे कारकून होते. वैमानिक खाली उतरला की 'मी पाडलं' म्हणे. पण त्याचा शब्द धरायचा नाही, दुसऱ्या कुणी पाहिलं असेल किंवा फोटोत आलं असेल तरच 'नक्की' लिहायचं, नाहीतर 'बहुधा'. एकाच विमानावर दोघांच्या गोळ्या बसल्या तर अर्धं-अर्धं. दाजींच्या साहेबाचं असंच दीड झालं होतं. शेहेचाळीस साली गावात उतरल्यावर हॉटेलात कुणी विचारलं, "दाजीनु, किती पाडलात?" आणि तोंडातून निघून गेलं, "दीड." दोन म्हटलं असतं तर लोक हसले असते. खोटं बोलणारा कधी अर्धं सांगतो का? त्या अर्ध्यानेच घात केला. तेव्हापासून शाळेचं झेंडावंदन दाजींच्या हातून.

गावची रीत अशी, की ज्याच्या बंदुकीच्या बाराने जनावर पडलं त्याला मुंडीचा मान, आणि देवासमोर त्याच्या नावाचा पुकारा. नाव लिहायचं काम साहजिकच दाजींकडे आलं. विमानदळाचा नियम त्यांनी पारधीला लावला: मारणाऱ्याचा शब्द धरायचा नाही, साक्षी हवा. नियम उत्तम. फक्त बापूसाहेब खोतांना तो लागू नव्हता. खोती कायद्याने गेली, खोत कुठे गेले? त्यांचा बार हवेत गेला तरी डुक्कर लाजून मरत असावा. सहा वर्षांत खोतांच्या नावावर नऊ मुंड्या, सगळ्या 'नक्की', सगळ्या दाजींच्या वळणदार अक्षरात. झेंड्याची दोरी दरवर्षी हातात द्यायचे ते खोतच ना!

"लिहा दाजी," खोत मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "आमचा दहावा."

तेवढ्यात धोंडू पुढे आला. साठीचा, वाळक्या खोडासारखा, खांद्यावर ठासणीची बंदूक. आयुष्यभर त्याने डुकरं मारली आणि पुकारे दुसऱ्यांचे ऐकले.

"दाजीनु, औंदा माझा नाव लिवा. डोळे चालले माझे. फुडल्या पारधीक मी नाय. एकदा देवाक ऐकू दे."

"साक्षी कोण?" दाजींनी सवयीने विचारलं.

रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांनी एकजात माना खाली घातल्या. सगळे खोतांची जमीन कसणारे.

"साक्षी ह्यो," म्हणत धोंडूने कोयत्याच्या टोकाने डुकराच्या छातीतून शिशाची वाटोळी गोळी उकरून काढली आणि वहीवर ठेवली. जनावराच्या अंगाला दुसरं भोक नव्हतं. डुक्कर हाकेतून सुटून इथे देवळापुढेच पडला होता, आणि खोतांचे छर्रे डावीकडच्या फणसाच्या बुंध्यात चमकत होते.

खोत हसले. "बरं, मग तुमच्या विमानदळासारखं करू. अर्धं त्याचं, अर्धं आमचं."

"बापूसाहेब, अर्ध्याक पण गोळी लागाक व्हयी. फणसाची मुंडी व्हयी तर लिवतंय," दाजींच्या तोंडून गेलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकू लागलं.

खोतांचा चेहरा उतरला, मग आवाज धारदार झाला. "साक्षीचा एवढा सोस? मग सांगा, तुमच्या दीड विमानाला साक्षी कोण होता?"

सगळ्या माना दाजींकडे वळल्या. दाजींनी गावाकडे पाहिलं. बारा वर्षं ह्याच डोळ्यांनी आपल्याला मोठं केलं होतं. नुसतं 'होता एक साहेब' म्हटलं असतं तरी भागलं असतं. विलायतेला विचारायला कोण जाणार होतं? मग त्यांची नजर धोंडूवर गेली. तो काही मागत नव्हता आता. वहीवरची गोळी उचलून तिचं रक्त धोतराला पुसत होता, ती पुन्हा वापरायला ठेवावी तशी.

दाजींनी वही उघडली. खोतांच्या नऊही नावांवर सावकाश रेघ ओढली, खाली 'धोंडू' लिहिलं आणि उठून उभे राहिले.

"कोण नाय. मी एकय विमान पाडूक नाय, बापूसाहेब, मी नुसतो लिवी. झेंडो दुसऱ्याक द्या. पण ह्यो डुकर धोंडूचो, नक्की. गुरवानु, घाला पुकारो!"