साडेचार लाखांची उलटी तार

मी त्या दुकानात भाव करायला गेलो होतो, भांडायला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात आता उलटंच धरून चालतात.

दुसरबीडला माझं मंडप, बिछायत आणि साऊंडचं दुकान आहे. सुरुवात केली तेव्हा एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक सायकल एवढंच होतं, आणि तो ॲम्प्लिफायरही जालन्याहून जुना आणलेला. लोणारपासून बुलडाण्यापर्यंत किती लग्नं, किती जयंत्या, किती सप्ताह वाजवले याचा हिशेब माझ्याकडे नाही. आता दोन गाड्या आहेत, माणसं आहेत. पण पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांना आवाज पुरवला आणि घरात मात्र मोबाइलवर गाणी ऐकली. नवं घर बांधलं तेव्हा ठरवलं की हॉलमध्ये एक सेट असा आणायचा, की गाणारा समोर येऊन बसला पाहिजे.

वर्षभर मी यामागे होतो. इंटरनेटवर वाचलं, व्हिडिओ पाहिले, फोन करून करून दुकानदारांचं डोकं खाल्लं. प्रवासासाठी पुण्याच्या एका दुकानातून कुरियरनं हेडफोन आणि एक छोटा प्लेअर मागवला. माल चोख निघाला. तबल्याच्या कडेवर बोट कुठं पडतंय तेही ऐकू यायचं. त्या दुकानावर माझा विश्वास बसला तो असा. सुताराकडून स्पीकरसाठी सागवानी स्टँड आधीच करून घेतले, मापं काढून, आणि एका सकाळी पुण्याला गेलो.

दुकान म्हणजे बैठकीची खोलीच होती. गालिचा, सोफा, भिंतींना कापड. मालक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, जे माझी बोली ऐकल्यावर पुण्यात येतं. हसू नाही, पण हसू दाबल्यावर जे उरतं ते. मला तो ‘काका’ म्हणाला. काका कुठून आले, काका बजेट काय. काय काम करता विचारलं तेव्हा मी सांगितलं. तो म्हणाला, “अच्छा, डीजे.” मी म्हणालो, डीजे नाही, साऊंड. त्याला फरक कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता.

जो सेट मी पाहून ठेवला होता तो साडेचार लाखांचा. त्यानं आपल्या पसंतीचं काहीतरी वाद्यसंगीत लावलं. खोली आवाजानं भरली, पण मला काही तरी खटकलं. मी खिशातून माझा पेन ड्राइव्ह काढला. सोयाबीन घेताना व्यापारी स्वतःच्या हातानं पोत्यातून दाणे काढतो, तसा मीही नमुना स्वतःचाच नेतो.

त्या पेन ड्राइव्हमध्ये देऊळघाटच्या एका गायकाचा कार्यक्रम होता. फार जुना, भीमजयंतीचा, मी स्वतः ॲम्प्लिफायरमधून वायर काढून कॅसेटवर घेतलेला. माइक एकच, म्हणून आवाजही एकेरी. दोन्ही स्पीकरला तेच जातं, डावं-उजवं काही नाही. असं रेकॉर्डिंग दोन बरोबर जोडलेल्या स्पीकरवर लावलं की गाणारा बरोबर मधोमध उभा राहतो, जणू तिथं तिसरा स्पीकर आहे. माझ्या ओळखीचा तो आवाज. तो कुठं उभा असतो ते मला झोपेतही सांगता येईल.

तो मधोमध नव्हता. कुठंच नव्हता. भिंतींतून, छतातून, माझ्या मागून, कुठून तरी येत होता, आणि ढोलकीचा दम निघून गेलेला. मी म्हणालो, एका स्पीकरची वायर उलटी लागली आहे, प्लसच्या जागी मायनस. एक पडदा पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो आणि दोघं मिळून आवाज खाऊन टाकतात. आमच्या धंद्यात नवशिका करतो ती चूक.

तो शांतपणे हसला. त्यानं मला समजावून सांगितलं. महागड्या सेटमध्ये आवाज असा पसरतो, त्याला खोलपणा असतो. रेकॉर्डिंग जुनं आहे, सदोष आहे, अशा सेटवर ते लावूच नये. आणि मग तो ते वाक्य बोलला, जे मी अजून गिळलेलं नाही.

“काका, तुमचे कान भोंग्यावर तयार झालेत. यावर बसायला त्यांना थोडा वेळ लागेल.”

माझ्या तापटपणाबद्दल जिल्ह्यात बरंच बोललं जातं, आणि खरं बोललं जातं. पण सौद्यात मी हातचं पान आधी दाखवत नाही. तो दुसरा अल्बम शोधायला आत गेला तेव्हा मी उठून डाव्या स्पीकरच्या मागं वाकून पाहिलं. लाल वायर काळ्या खुंटीला होती. मी मोबाइलवर फोटो काढला आणि सोफ्यावर येऊन बसलो. त्याला आणखी एक संधी दिली. म्हणालो, साधा पेन्सिल सेल द्या, वायरला लावून पडदा पुढं जातो की मागं ते दोन मिनिटांत दाखवतो. त्यावर तो म्हणाला की साडेचार लाखांच्या वस्तूला आम्ही सेल लावत नसतो. मग म्हणाला, खाली छान चहा मिळतो, तुम्ही पिऊन या, तोपर्यंत सेट तापेल.

मी चहा घेतला. परत आलो तेव्हा सर्व्हिसचा माणूस स्पीकरच्या मागून हात पुसत निघत होता. माझ्याकडे न बघता गेला. मालकानं माझंच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आणि देऊळघाटचा तो माणूस दोन स्पीकरच्या मधोमध येऊन उभा राहिला. श्वास घेतो तोसुद्धा दिसावा असा. ढोलकी पोटात लागत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तो माझ्याच कॅसेटचा होता, सदोष म्हटलेल्या.

आणि तो दुकानदार म्हणाला, “पाहिलंत ना? ॲम्प्लिफायर तापायला वेळ लागतो.”

मी मोबाइल काढून फोटो त्याच्यासमोर धरला. त्यानं पाहिला. मोठा करून पाहिला. मग मोबाइल परत दिला, आणि त्या क्षणापासून मी ‘काका’चा ‘सर’ झालो. “सर, तुमच्यासाठी चाळीस हजार कमी करतो.”

आता माझी पस्तीस वर्षं बघा. मी डोंबाऱ्याच्या ढोलाचाही भाव पाडला असता. चाळीस हजार हा माणूस न मागता देतो आहे. पण माझ्या तोंडून निघालं, “भाव पूर्ण घ्या. साडेचार लाख. फक्त एक वाक्य म्हना, वायर उलटी होती, तुमचं बरोबर होतं.”

तो म्हणाला, सर, तो विषय सोडा ना, पंचावन्न कमी करतो. मी म्हणालो वाक्य. तो म्हणाला स्टँड फ्री देतो. मी म्हणालो माझे स्टँड तयार आहेत, वाक्य द्या. सूट पाऊण लाखापर्यंत नेली. इतकी सूट मिळवायला मी एरवी दोन दिवस भांडलो असतो, आणि तिथं प्रत्येक हजारागणिक माझं डोकं जास्तच फिरत होतं. हा माणूस पाऊण लाख सोडायला तयार आहे आणि एक वाक्य सोडायला नाही. म्हणजे माझ्या कानाची किंमत त्याच्या लेखी काय? पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि पायऱ्या उतरलो.

घरी आलो तर हॉलमध्ये सागवानी स्टँड रिकामे. आठ दिवस मी येईल त्याला ही गोष्ट सांगत होतो. नवव्या दिवशी बायको पोळ्या करता करता म्हणाली, “देऊळघाटच्या गोष्टीत तुम्ही हसता, अन् पुण्याच्या गोष्टीत चिडता. गोष्ट तं एकच हाय.”

मी म्हणालो, एक कशी? तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही.

देऊळघाटची गोष्ट मी कित्येक लग्नांच्या पंगतीत सांगितली आहे, लोक हसतात. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. जयंतीच्या कार्यक्रमाला भोंगे बांधले होते, स्टेजच्या दोन बाजूंना. तो गायक कार्यक्रमाआधी खाली उतरला, साथीदाराला माइकवर बोलायला लावलं आणि सतरंजीच्या मधोमध उभा राहिला. मला म्हणाला, “पोरा, इथं आवाज मरून राह्यला. तुया एका भोंग्याची तार उलटी हाय.” पन्नास माणसांसमोर. मी म्हणालो, तुम्ही गाणं पाहा, मशीन मी पाहतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या आत लोक जेवायला पांगले तेव्हा मी खांबावर चढलो, पाहिलं, तार खरंच उलटी होती. गुपचूप बदलली. ही चूक आणि तिची परीक्षा, दोन्ही मला त्या दिवशी कळल्या. बिल करताना पन्नास रुपये आपणहून कमी केले, म्हणजे तो विषय निघणार नाही. पंगतीत मी ही गोष्ट ‘पन्नास रुपयांत तोंड कसं बंद केलं’ अशी सांगतो. सांगत होतो.

दोन्ही गोष्टी एक नाहीत. मी तेवीसचा होतो, पोटासाठी करत होतो, आणि माझ्या दुकानात गालिचा नव्हता. शिवाय मी ‘भोंगा तापला’ असं काही म्हणालो नव्हतो. हे सगळं मी बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पोळी ताटात टाकली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गाडी काढून देऊळघाटला गेलो.

तो आता पासष्टीच्या पुढं आहे. घरासमोर खाटेवर बसून तूर निवडत होता. मला ओळखलं. जय भीम घातला, पाणी घेतलं. मी आधी हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि त्याचा जुना आवाज लावला. त्यानं डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत बोटं मांडीवर चालत होती. माझ्या मनात होतं की तो आता भारावून काहीतरी बोलेल.

हेडफोन काढून तो म्हणाला, “तिसऱ्या कडव्यात तालातून सुटलो होतो मी. तू ते कापलं काऊन नाही?”

मग मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. त्या दिवशी तार उलटी होती, भाऊ. तुमचं बरोबर होतं. वाक्य छोटं आहे, पण ते म्हणताना मी त्याच्याकडे नाही, तुरीकडे बघत होतो.

“कोणती तार?”

मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. भोंगे, सतरंजी, पन्नास माणसं.

“हाव हाव,” तो म्हणाला. “तू खांबावर चढला तवा मी नळावर हात धुऊन राह्यलो होतो. पाह्यलं मी. मंग?”

“मंग काही नाही. सांगाले आलो.”

“एवढ्यासाठी दुसरबीडहून आला बे?” तो हसला, आणि घरात हाक मारून चहा टाकायला सांगितला. “आवाज बरोबर झाला होता ना. मले गाणं म्हनाचं होतं. तुया तोंडून काय घेऊन काय करू?”

मला हे मुळीच आवडलं नाही. एवढ्या लांब जाऊन माणूस कबुली देतो, आणि समोरच्याला ती घ्यायचीच नसते. वर त्यानं विचारलं, सेट घेतला का मग? मी नाही म्हणालो. तो तूर निवडायला लागला. निरोप घेताना मी हेडफोन आणि प्लेअर त्याच्याकडेच ठेवले, ऐका म्हणालो. त्यानं ठेवून घेतले, आभार वगैरे काही नाही.

परतताना चिखलीच्या अलीकडे पुण्याचा फोन आला. मी गाडी बाजूला घेतली. तोच मालक. सर, महिनाअखेर आहे, तुमच्यासाठी नव्वद हजार कमी करतो, सेट घरपोच, जोडून देतो. तो म्हणाला जोडून देतो. मी म्हटलं, जोडायचं मी पाहतो. भाव पूर्ण देतो. मी आत्ता एका माणसाला सांगून आलो, तीस वर्षांनी सांगितलं, जिभेला काही झालं नाही. आता तुम्ही सांगा.

मागं दुकानात काहीतरी वाजत होतं, सतार असावी. फोन तो, त्यात काय ऐकू येणार असं कुणी म्हणेल. पण त्यानं ओठ उघडले ते मला ऐकू आलं. श्वास आत घेतला तो ऐकू आला. मग ओठ मिटले, तेही ऐकू आलं. “सर, पंच्याण्णव,” तो म्हणाला.

मी फोन ठेवला. स्टँड अजून रिकामे आहेत. बायकोनं एकावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली आहे, दुसऱ्याला मी हात लावू देत नाही.