वर्गाचं भारमान

गाव सोडलं त्या दिवशी माझं तिकीट बाबांनीच काढलं. बाबा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर. मला कल्याणला पोचवता यावं म्हणून त्यांनी ड्युटी बदलून घेतली होती, पण फाट्यावर मी गाडीत चढले तेव्हा ओळख म्हणून दाखवली नाही. पुढून मागपर्यंत सगळ्यांची तिकिटं केली आणि शेवटी माझ्या सीटपाशी येऊन विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "कल्याण." बायकांचं अर्धं तिकीट मशीनमधून काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "उतरेपर्यंत जपून ठेव." खाली आई उभी होती. गाडी सुटली तरी तिनं हात हलवला नाही. हात दाखवला की गाडी थांबते, हे कंडक्टरच्या बायकोला कोणी सांगायला नको. मी खिडकीतून मागे बघत राहिले आणि रडू येतंय हे बाबांना दिसू नये म्हणून ओढणी नाकावर धरली.

हे मी वाडीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय, आणि वाडीतून उठून नालासोपाऱ्याला, डोंबिवलीला, पुण्याला गेलेल्यांसाठीही. गणपतीत भेटलात की तुम्ही विचारता, "काय शिकतेस गो?" मी "बीए" म्हणते आणि तुम्ही मान हलवता. पण हल्लीचं बीए म्हणजे काय, हे कळायलाच मला पहिलं वर्ष पुरलं नाही.

आधी बाबांबद्दल. बाबांची अर्धी हयात लोकांवर संशय घेण्यात गेली. नोकरीच तशी. तिकीट काढायच्या वेळी झोपेचं सोंग घेणारे, पास घरी राहिला म्हणणारे, मिसरूड फुटलेल्या पोराला शाळेतला सांगून अर्ध्यात बसवणारे. "गोड बोलणाऱ्याचं तिकीट आधी बघ," हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. कल्याण डेपोत उतरल्यावर निरोप म्हणून त्यांनी तेवढंच पुन्हा सांगितलं. आणि अजून एक, जे माझ्या डोक्यावर तीन वर्षं टांगलेलं राहिलं: "तीन वर्षं दिली तुला. चौथं मागू नकोस. मग घरी यायचं, आणि आम्ही बघू त्या घरात जायचं."

मी ठाकुर्लीला मावशीकडे राहायला आले. मला प्रवेश मिळाला होता त्याच कॉलेजात मावशीची मुलगी श्रुती माझ्या पुढे होती, आणि कॉलेजबद्दल तिला सगळं ठाऊक होतं, निदान तिचं म्हणणं तसं होतं. नोंदणीच्या दिवशी ती माझ्या शेजारी मोबाइल घेऊन बसली. मुख्य विषय अर्थशास्त्र, हे मी घरूनच ठरवून आलेले. त्याला एक जोडविषय निवडायचा, तो पुढेही तोच ठेवायचा, त्याचे ठरलेले क्रेडिट, म्हणजे विषय पास झाला की मिळणारे श्रेयांक, जमले नाहीत तर डिग्री नाही. मुख्य विषयात कितीही पहिली आलात तरी नाही. शिवाय दुसऱ्या शाखेतले एक-दोन विषय, भाषा, कौशल्याचा एक विषय. मिळवलेले क्रेडिट सरकारी खात्यात ऑनलाइन जमा होतात, म्हणजे क्रेडिटची बँकच.

मी हे फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बँक आहे तर पासबुक कुठाय?"

मग मी त्यांना सांगितलं की पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, आणि हवं तर पुढे चौथं वर्षही करता येतं. बाबा म्हणाले, "चढतानाच उतरायचं कशाला सांगतायत?" मलाही तोच संशय आलेला. आणि मार्कांऐवजी ग्रेड. ग्रेडच्या आत मार्क नेमके किती ते लपलेले, त्यातले बरेचसे अंतर्गत, म्हणजे वर्गावर शिकवणाऱ्याच्याच हातात. आमच्याकडे मास्तर रागावले तर कान पिरगाळायचे. इथे रागावले तर काही बोलणार नाहीत, ग्रेड खाली उतरेल आणि मला कारणही कळणार नाही, असं मी मनाशी पक्कं धरून चालले होते.

अशा वेळी म्हात्रे सर भेटले. भूगोलाचे. मूळचे ठाण्याच्या कोलशेतचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे तिथले. आजोबांचं मिठागर होतं, आता त्या जागेवर टॉवर आहेत. वर्गात पुस्तकी बोलायचे, पण व्हरांड्यात आले की घरची भाषा निघायची. "काय गो पोरी, जेवलीस का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. नवीन शहरात हे वाक्य मला मावशीशिवाय कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी माझी नोंदणी तपासून दिली, हॉस्टेलवाल्या मुलींची ओळख करून दिली, येत्या गणपतीला कोलशेतला घरी यायचं आमंत्रण दिलं. आणि दर वेळी जाता जाता, "भूगोल घे. तुला आवडेल. खाडीवर घेऊन जाईन मी तुम्हाला."

मी घरी येऊन सांगितलं तर श्रुती हसली. "अगं येडी आहेस का तू? त्यांचा वर्ग भरत नाहीये. सगळे मानसशास्त्राला पळतायत. संख्या झाली नाही की विषय बंद, विषय बंद की सर अतिरिक्त, मग देतील त्यांना कुठेतरी लांब ढकलून. गिऱ्हाईक शोधतायत ते."

खरं सांगते, मला वाईट वाटलं. "जेवलीस का" हे माझ्या पोटासाठी नव्हतं, त्यांच्या पटासाठी होतं, असं वाटलं. चार दिवस मी त्यांना टाळलं. जोडविषय पक्का करायची मुदत शनिवारपर्यंत होती. शेवटी गुरुवारी गेले आणि बाबांसारखं सरळ विचारलं, "सर, मीच का पाहिजे तुम्हाला?"

ते म्हणाले, "खरा सांगू? मना पंधरा पोरा पायजेत. चवदा हायत." आणि मी काही विचारायच्या आत पुढचंही सांगितलं, शुद्ध मराठीत, वर्गात सांगतात तसं. एकदा सुरू झालेला विषय त्या तुकडीला शेवटपर्यंत शिकवतात, आजवर तसंच झालंय, पण लेखी हमी कोणी देत नाही. मध्येच बंद पडला तर जमलेले क्रेडिट खात्यात राहतील, मात्र नवीन जोडविषयाचे पहिल्यापासून गोळा करावे लागतील. "वर्ष जाईल तुझं. हे समजून घे आणि मग ठरव. मानसशास्त्र घेतलंस तरी मी रागावणार नाही."

माझं एक वर्ष गेलं म्हणजे माझं सगळंच गेलं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि माझा स्वभाव बघा, त्यांच्या खरेपणाचाही मला संशय आला. इतकं उघड कोण सांगतं? हाही एक डाव असणार. मी रात्री बाबांना फोन केला. ते म्हणाले, "उद्याची कल्याण ड्युटी लावून घेतो. माणूस बघितल्याशिवाय काही करू नकोस."

इथे वाडीतल्या वस्तीच्या गाडीची आठवण काढायला हवी. तुम्हाला ती माहीतच आहे, पण वाडीतून गेलेल्यांची पोरं हे वाचतील, त्यांना कळू दे. संध्याकाळी तालुक्याहून यायची, रात्रभर शाळेपाशी उभी राहायची, सकाळी पहिल्या फेरीला निघायची. मी पाचवीत असताना डेपोनं सांगितलं की भारमान कमी आहे. म्हणजे जेवढ्या सीटा तेवढी माणसं बसत नाहीत. अशीच रिकामी धावली तर फेरी बंद. तेव्हा बाबा, जे कोणाला फुकट तीन स्टॉपही नेत नसत, ते सुट्टीच्या दिवशी घराघरात फिरले. कामतांच्या आजीला म्हणाले, "आठवड्यातून एकदा डॉक्टरला दाखवा." दाखवण्यासारखं आजीला काहीच नव्हतं. आई तर कित्येकदा रिकामी पिशवी घेऊन तालुक्याला गेली आणि रिकामीच परत आली. मला वाटायचं, आईला बाजाराची हौस आहे. गाडी टिकली, म्हणून मी हायस्कूलला जाऊ शकले.

तर शुक्रवारी बाबा खाकी कपड्यांत, बिल्ल्यासकट, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आले. म्हात्रे सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. बाबांनी चहाला हात लावला नाही. सरांकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "तुमचं भारमान किती?"

सरांना कळलं नाही. बाबांनी समजावलं, गाडीचं कसं असतं ते. सर ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "पंधरा लागतात."

"आत्ता?"

"चौदा."

"आणि गाडी बंद झाली, तर बाकीच्या चौदांचं काय?"

"त्यांनी दुसरं काहीतरी घ्यायचं. त्यातल्या सहा जणींना भूगोलच हवा होता," सर म्हणाले. स्वतःच्या बदलीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बाबांनी तेव्हा कुठे चहा घेतला.

बाहेर जिन्यात ते मला म्हणाले, "हा माणूस गाडी वाचवतोय गो. बस त्याच्या गाडीत."

मी म्हटलं, "आणि मध्येच बंद पडली तर? वर्ष जाईल माझं."

बाबा टोपी हातात घेऊन दोन पायऱ्या उतरले. "गेलं तर गेलं. चौथं मी देईन." मागे न बघताच म्हणाले. ज्या माणसानं स्वतःच्या मुलीलाही गाडीत बिनतिकीट बसू दिलं नाही, त्यानं हे म्हटलं. जिन्यात मुलांची ये-जा चालू होती, म्हणून मी त्यांना मिठी मारली नाही. मारायला हवी होती असं अजून वाटतं.

मी भूगोल घेतला. वर्ग चालला. एक मुलगी पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन उतरली तेव्हा आम्ही सगळ्याच धास्तावलो, पण विषय बंद झाला नाही. चौथं वर्ष मागावं लागलं नाही. क्रेडिट पुरे झाले, त्यांची प्रत्येक सेमिस्टरला मी त्या क्रेडिटच्या बँकेच्या वेबसाइटवर जाऊन खात्री केली, आणि तरी प्रिंट काढून ठेवल्या. आता मी कोलशेतलाच एका सर्व्हेच्या ऑफिसात नोकरी करते, भरतीची रेषा कुठवर येते ते नकाशावर टाकते. घरी परत ये असं अजून कोणी म्हटलेलं नाही. का म्हणत नाहीत, याचाही मला थोडा संशय आहे.

दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मी सुट्टी काढून म्हात्रे सरांच्या टेबलापाशी जाऊन बसते. लांबून आलेल्या मुली माझ्याकडे बघतात, आणि ती नजर मी ओळखते: ही एवढी गोड का बोलतेय? मी आधीच सांगून टाकते, "आम्हाला अजून तीन हव्यात." काही जणी उठून जातात, काही बसतात.

याच जूनमध्ये वस्तीची गाडी बंद झाली. आईनं फोनवर सांगितलं, रागावून नाही, पाऊस उशिरा आला हे सांगावं तसं. मग तिनं एकेक नाव घेतलं. कामतांचा सुधीर नालासोपाऱ्याला, वरच्या आळीतल्या दोघी बहिणी पुण्याला, पवारांचं सगळं घरच डोंबिवलीला. "आणि तू," असं ती म्हणाली नाही. इथं एक वर्ग चालावा म्हणून मी माणसं जमवत बसले होते, आणि तिकडे ज्या सीटा रिकाम्या धावत होत्या त्यातली एक माझी होती. दोन्हीकडे बसता येत नाही, हे आईनं माझ्या आधी ओळखलं असावं.

शेवटच्या फेरीला ती एकटीच गाडीत होती, रिकामी पिशवी घेऊन. बाबा ड्युटीवर होते. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घे म्हटलं तर तिनं घेतली नाही. मी फोनवर विचारलं, गाडी तर पूर्ण मोकळी होती, मग शेजारच्या सीटवर पिशवी कशाला ठेवलीस?

"तुझी जागा धरलेली गो," आई म्हणाली. "सवय."