धवल्याची दोन कार्डं

गोठिवलीत कुणाच्या घरी हळद असली की आधी पुतळाबाईंची तारीख विचारत, मग हॉलची. आगऱ्यांच्या लग्नात एकेका विधीला जी लांबलचक गाणी गातात ते धवले, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. पुतळाबाई चाळीस वर्षं धवलारीण होत्या. अक्षर एक येत नव्हतं, पण हळदीचा सव्वा तासाचा धवला तोंडपाठ. सासूच्या मागे बसून, तिच्या ओळीचं शेपूट पकडत त्यांनी तो उचलला होता. सासू स्वभावाने कडू कारलं, पण जाताना एक नियम घालून गेली. धवला लावला की मध्ये तोडायचा नाही, आणि तुटलाच तर पहिल्यापासून.

नियम पाळण्यात पुतळाबाईंचा काही मोठेपणा होता असंही नाही. त्यांना मधूनच सुरू करता यायचंच नाही. एक ओळ दुसरीला हाताला धरून आणायची, हात सुटला की सगळ्या जणी पसार. एकदा ऐन धवल्यात वाऱ्याने मांडवाचं कापड खाली आलं. बाकी बायका आरडाओरडा करत बाहेर पळाल्या, पुतळाबाई कापडाखालूनच गात राहिल्या. गावात अजून तो किस्सा सांगतात.

यंदा शिमगा झाल्यावर त्यांचा आवाज बसला तो उठेना. वाशीच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन बारा दिवसांनी. नंतर बोलता येईल, गाता येईलच असं नाही.

पुतळाबाईंना गाठीची भीती वाटली नाही. वैशाखात नातीचं, मनस्वीचं लग्न होतं. आख्ख्या गावाच्या पोरींना हळद लावली आणि आपल्या नातीची हळद मुकी जाणार, हे मात्र त्यांना सोसेना. रिक्षातून येताना त्या पदराआड रडल्या.

मनस्वी म्हणाली, "आजी, ऑपरेशनच्या आधी रेकॉर्ड करून ठेवू या ना."

"डब्यातला धवला?" पुतळाबाई बसक्या आवाजातही कडाडल्या. "मंग धवलारनीचं साडी-नारल पन डब्यालाच दे!"

दोन दिवस त्या घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच आपला लाल प्लेअर पिशवीत टाकला. हातात मावेल एवढाच तो डबा, त्यात मेमरी कार्ड घालून संध्याकाळी त्या भजनं ऐकत. "डबाच वाजायचाय तर माजाच वाजंल," म्हणाल्या.

दोघी ऐरोलीला धम्मपालच्या मोबाइलच्या दुकानात गेल्या. धम्मपालची एक सवय होती. कार्ड मागितलं की तो कार्ड काढायच्या आधी विचारायचा, "कशात वाजवायचंय?"

पुतळाबाईंनी लाल प्लेअर काउंटरवर ठेवला.

"जुना हाय, आजी. ह्याला फॅट थर्टीटू लागणार. एक्सफॅटचं कार्ड हा ओळखतच नाय."

"म्हंजी काय रं?"

"कार्ड म्हणजे कोरी वही. फॉरमॅट म्हणजे तिच्यावर रेघा कशा मारायच्या ते. तुमच्या डब्याला एकरेघी वही वाचता येते, दुरेघी नाय येत."

"मना तं एक पन येत नाय," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांना डब्याविषयी थोडी आपुलकी वाटली. धम्मपालने फॅट थर्टीटू करून कार्ड दिलं.

मनस्वीने ऑफिसातल्या प्रीतमकडून हातात धरायचा छोटा कॅमेरा आणला आणि तेच कार्ड त्यात घातलं. तिला आजी गाताना दिसायलाही हवी होती. दुपारी पंखा बंद करून, दार लावून पुतळाबाई पाटावर बसल्या आणि गायल्या. आवाज खरखरत होता, पण ओळीमागून ओळ येत होती. बाविसाव्या मिनिटाला कॅमेरा टीं करून थांबला.

"आजी, थांब, थांब. कॅमेरा बंद पडला वाटतं. हं, आता गा."

"कवून?"

"थांबलीस तिथून."

पुतळाबाईंनी तोंड उघडलं. काही आलं नाही. त्यांनी छताकडे पाहिलं, गुणगुणून पाहिलं, मांडीवर ताल धरून पाहिला. "नाय येत. पयल्यापासून."

पहिल्यापासून गायल्या. बाविसाव्या मिनिटाला, त्याच ओळीवर, पुन्हा टीं. मनस्वीने बॅटरीला दोष दिला आणि चार्जर लावला. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं, आणि पुतळाबाईंचा आवाज जुन्या लुगड्यासारखा टर्रकन फाटला. गाण्यात तीन वेळा हळद कांडून झाली, नवरीच्या अंगाला एकदाही लागली नाही.

ऑपरेशनला आठ दिवस उरले होते. डॉक्टर फोनवर मनस्वीला खूप बोलले. चार दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी ताकीद मिळाली. पुतळाबाई एवढा वेळ गप्प असलेल्या घरात कुणी पाहिल्या नव्हत्या.

मनस्वी तणतणत दुकानात गेली, तेव्हा आजीही हट्टाने बरोबर आली.

"ताई, तुमी वाजवायचं सांगितलं, शूटिंगचं कुठं सांगितलं?" धम्मपाल म्हणाला. "फॅट थर्टीटूवर एक फाईल चार जीबीच्या पुढं जात नाय. तुमचा कॅमेरा बावीस मिनिटांत तेवढं खातो."

दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या मनस्वीला हे ठाऊक असायला हवं होतं. ती ओशाळली. "मग एक्सफॅट द्या."

"ते ह्या डब्यात वाजणार नाय. तुकडे करून चालेल ना? नंतर जोडून देतो."

पुतळाबाईंनी काउंटरवर थाप मारली आणि जोरजोरात मान हलवली. बोलायची बंदी होती, पण धम्मपालला कळलं.

त्याने डोकं खाजवलं. "मग असं करा, दोन कार्डं ठेवा. एक गायचं, एक ऐकायचं. एक्सफॅटवर अख्खं शूटिंग घ्या. त्यातला नुसता आवाज काढून मी दुसऱ्यावर टाकतो. आवाज शंभर एमबीसुद्धा भरणार नाय, तो ह्या डब्यात आरामात बसंल."

पाचव्या दिवशी पुतळाबाई पुन्हा पाटावर बसल्या. बाविसावं मिनिट आलं आणि गेलं. टीं झालं नाही. हळद कांडली गेली, चाळली गेली, नवरीच्या कपाळाला लागली, हातांना लागली, पायांपर्यंत आली. शेवटच्या ओळीला आवाज चिरकला, पण ओळ पुरी झाली. पुतळाबाई भिंतीला टेकल्या आणि त्यांनी खुणेनेच पाणी मागितलं.

ऑपरेशन नीट झालं. बोलणं कुजबुजीएवढं परत आलं, गाणं आलं नाही.

वैशाखात मांडवात मनस्वी पाटावर बसली. धवलारणीच्या जागी पुतळाबाई, हातात माइक आणि माइकसमोर लाल प्लेअर. धवला सुरू झाला तसे त्यांचे ओठ ओळीबरोबर हलू लागले. बायका हळद लावू लागल्या. अर्ध्या तासाने फोटोवाला पुढे आला. "एक मिनिट आजी, ग्रुप फोटो," म्हणत त्याने स्वतःच प्लेअरचं बटण दाबलं. फोटो काढला आणि बटण पुन्हा दाबलं.

धवला जिथे थांबला होता तिथूनच पुढे गाऊ लागला.

पुतळाबाई डब्याकडे बघतच राहिल्या. चाळीस वर्षांत जे त्यांना जमलं नाही, ते त्यांच्याच आवाजाला जमलं होतं. त्यांना त्याचं कौतुक वाटलं नाही, वाईट वाटलं. त्यांचे ओठ मिटले होते. हात सुटला होता, आणि पुढची ओळ त्यांना सापडत नव्हती.

मनस्वीने आजीच्या ओठांकडे पाहिलं. ती पाटावरून अर्धी उठली, हळदीने माखलेल्या बोटांनी प्लेअर ओढून घेतला आणि मागे जायचं बटण दाबलं.

"पहिल्यापासून," ती फोटोवाल्याला म्हणाली. "आता कोणी मध्ये यायचं नाही."

पहिली ओळ आली आणि पुतळाबाईंचे ओठ हलू लागले. बायकांनी हळद पुन्हा कपाळापासून लावायला घेतली. फोटोवाला सव्वा तास खुर्चीवर बसून राहिला.