दहा हळकुंडं

किराणा दुकानात हळकुंडांच्या पोत्याचा वास आला आणि आमचे फुटबॉलचे कोच करीमचाचा आठवले. हळदीचे व्यापारी. सामन्याआधी खिशातली हळकुंडं मातीत मांडून ते डाव समजवायचे: मागं चार, मधे चार, पुढं दोन. एकदा मी मोजली. दहाच भरली.

"चाचा, मी गोलकीपर. माझं कुठाय?"

"गोलकीपर मोजत न्हाईत गड्या," पिवळी बोटं विजारीला पुसत ते म्हणाले. "बाकीचे जागा बदलत्यात. त्यो हायच की मागं."

तेव्हा लय राग आला होता.

आता घरात मी एकटाच असतो. काल पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, सुट्टीत आम्ही चौघं गोव्याला जातोय."

या वेळी मी काही विचारलं नाही.