पेंडीची पोती आणि मावशींचे शेअर

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. कोणी शेअर बाजाराचा विषय काढला की मी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जात असे. आता गुडघ्यांमुळे गच्चीवर जाता येत नाही, म्हणून लिहितो.

मी सोनपेठला गणित शिकवून निवृत्त झालो. परभणीच्या भाच्याने मोबाईलवर डीमॅट खातं उघडून दिलं आणि सांगितलं, मामा, ज्याचा माल रोज डोळ्यांसमोर दिसतो ती कंपनी निवडा. मला रोज दिसत होती ती एका पशुखाद्य कंपनीची पोती. बाजारात भाजीवाल्यांच्या बुडाखाली तीच, न्हाणीला पडदा म्हणून तीच, एसटीत सीटखाली कोंबलेली तीच. गंगाखेडला जाताना मी एका फेरीत त्रेचाळीस मोजली. एवढी पोती म्हणजे केवढा खप, असं गणित मांडून थोडे शेअर घेतले. तीन महिने भाव वाढला. माझ्या हुशारीबद्दल घरात दुमत होतं, ते तेवढ्यापुरतं मिटलं.

आमच्या शाळेतल्या सेविका मावशी त्याच वर्षी निवृत्त झाल्या. नवरा नव्हता, मुलगी सासरी. घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं, पण मिळालेली रक्कम थोडी कमी पडत होती. माझी ख्याती ऐकून त्या आल्या. मी त्यांना पोत्यांचं गणित समजावलं. त्या म्हणाल्या, मला ह्यातलं काही कळत न्हाई, तुमी म्हणत असाल तर घालते. भाच्याने त्यांचंही खातं उघडलं. काही झालं तरी विकायचं नाही, हे मी दोनदा बजावलं.

पोळ्याच्या सुमारास म्हशीवाल्या शेजाऱ्याला मी ही सगळी हकीकत ऐकवत होतो. तो धार काढता काढता म्हणाला, "गुरुजी, ती पेंड दोन सालापासून कोनी घेत न्हाई. म्हशी तोंड लावीनात. पोती मजबूत हायत, म्हणून दिसायलीत."

मी घरी आलो आणि चहा होईपर्यंत माझे सगळे शेअर विकले. थोडा नफाही झाला.

मावशींचं घर चार दारं सोडून होतं. त्यांना सांगायचं तर विकू नका म्हणणारा आधी पळाला, हेही सांगावं लागलं असतं. उद्या सांगू म्हटलं. मग भाव उतरू लागला आणि सांगणं रोज थोडं अवघड होत गेलं. दर आठवडी बाजाराच्या दिवशी त्या विचारायच्या, "गुरुजी, ठिवू का इकू?"

"ठेवा," मी म्हणायचो.

असे अकरा बाजार गेले. नंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही.

एका दुपारी वाक्य पाठ करून त्यांच्याकडे गेलो. पत्रे तापले होते, म्हणून त्यांनी बाज लिंबाखाली ओढली आणि चहा आणला. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"तोंड पाडून कशाला बसलात, गुरुजी? तुमचं तर माझ्याहून जास्ती गेलं असंल."

"हो," मी म्हणालो.

"वहिनींना सांगितलं का?"

"नाही."

"नका सांगू. बाईमाणसाला मग झोप येत न्हाई."

निघताना त्यांनी मला पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या, माझं नुकसान झालं म्हणून. मी त्या घेतल्या. घरी सगळ्यांनी खाल्ल्या.

गेल्या उन्हाळ्यात मावशी वारल्या, त्याच पत्र्यांखाली. दहाव्याला त्यांच्या मुलीने मला पुढे बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं की आईला गुरुजींचा मोठा आधार होता. तेव्हाही मी मान हलवली.

त्या दुपारी पाठ केलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. मावशी, तुम्ही विचारत होतात तेव्हा माझे विकून झाले होते आणि मला ते सांगायची लाज वाटली. माझं चुकलं, मला माफ करा.