मेण आणि सोडे

मी महाप्याच्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही उष्णता साठवणाऱ्या लाद्या बनवतो. म्हणजे नेमकं काय, हे आईला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला होता. मेण वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतं आणि पुन्हा गोठताना तीच उष्णता सावकाश बाहेर सोडतं. दिवसाचं ऊन मेणात भरून ठेवायचं आणि ऊन गेल्यावर वापरायचं, इतकं ते सोपं आहे. पण नुसतं मेण तापायला फार वेळ घेतं, आणि वितळलं की वाहून जातं. म्हणून ते फुगवलेल्या ग्रॅफाइटमध्ये मुरवायचं. ग्रॅफाइटची काळी चकचकीत पूड भट्टीत टाकली की लाह्यांसारखी फुलते आणि इतकी हलकी होते, की एका शिंकेत सकाळची मेहनत हवेत जाते. कामोठ्याला घरी पोचल्यावर मी आधी नाक धुते. ते काळं झालेलं असतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सरांनी या लाद्या घालून मासळी सुकवायची पेटी बनवायचं ठरवलं. वर काच, खाली काळा पत्रा, पत्र्याखाली लाद्या, मागच्या कप्प्यात जाळीचे ट्रे आणि दमट हवा जायला एक धुराडं. पेटी कुठे लावायची, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. नेरूळच्या मासळी बाजारात विचारत विचारत मी सारसोळ्याच्या एका मावशींपाशी पोचले. साठीच्या, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. नवरा आणि मुलगा होडी घेऊन खाडीत जायचे, आणि आलेल्या कोळंबीतली चांगली कोळंबी सोलून, उन्हात सुकवून मावशी सोडे करायच्या.

आमचं घर मूळ साताऱ्याकडचं. सोडे मी बाजारातून आणलेलेच पाहिले होते. ते होतात कसे, हे मावशींनी दाखवलं. पूर्वी जेट्टीजवळ मोकळी जागा होती, आता मोटारी लागतात. मांजरं, कावळे, धूळ. "आनि समदं राखलं तरी सांजेला खाडीची हवा सुटते," त्या म्हणाल्या. "दिवसभर सुकवलेलं रातीत परत ओलं. दोन दिवसांचं काम चार दिवस चालतं."

"मग ही पेटी तुमच्यासाठीच आहे मावशी," मी म्हणाले. "ऊन गेलं तरी तापलेली राहते."

त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले.

पहिल्या पेटीसाठी मेण मीच निवडलं होतं. सत्तर अंशांच्या आसपास वितळणारं. आकडा मोठा, म्हणजे काम चांगलं, असा माझा हिशेब. मावशींनी निवडक कोळंबी सोलून ट्रेमध्ये पसरली. संध्याकाळी सूर्य खाडीपलीकडे गेला तरी पेटीतल्या तापमानाचा काटा खाली यायला तयार नव्हता. मी फोटो काढून सरांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. "ये आनि बघ."

मी गेले. ट्रेमधली कोळंबी केशरी झाली होती, आकसून कडक. मावशींनी एक उचलून माझ्यासमोर मोडली. बाहेरून टणक साल, आत पांढरा ओला गर. नाकाशी धरली तर वास सुटला होता.

"ही सुकली नाय," त्या म्हणाल्या. "शिजली. वरून कवच धरलं, आतलं पानी आतच कोंडलं. तुजा डबा चूल हाय पोरी. चूल माज्या घरात हाय. मला ऊन पायजे, सांजेचं ऊन."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळी कोळंबी त्यांनी टोपलीत ओतली, झाकली आणि ट्रे नळाखाली घासायला बसल्या. मी दुसरा ट्रे घेतला. दोघी घासत राहिलो. कोळंबीची भरपाई कंपनीने दिली, मावशींनी ती घेतली. पण हंगामातला तो चांगला माल होता, तो काही परत येणार नव्हता. चूक माझी होती. काय सुकवायचंय, त्याला किती ऊब सोसते, हे न विचारता मी आकड्यामागे धावले होते.

सरांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "मावशींना किती तापमान हवंय?"

"आकडा त्यांना माहीत नाही सर. पण हात घालून सांगतील."

पुढच्या आठवड्यात मी थर्मामीटर घेऊन मावशींच्या अंगणात बसले. चांगल्या उन्हात त्या सोड्यांवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आता बरोबर." मी आकडा लिहायची. पंचेचाळीसच्या आसपासच सगळे आकडे येत होते.

मग त्याच्या जवळपास वितळणारं मेण आणलं. ते मऊ. लादी गरम झाली की पाझरायची. पाझरते की नाही, ते बघायची आमची साधी रीत आहे : लादी टिपकागदावर ठेवून ओव्हनमध्ये तापवायची आणि कागदावर तेलकट कडं उमटतं का पाहायचं. रोज कडं उमटायचं. मी लादी प्रेसमध्ये आणखी जोरात दाबायची, वाटायचं, घट्ट झाली की मेण धरून ठेवील. कडं मोठंच व्हायचं. असे दोन महिने गेले. घरी नवरा विचारायचा, "आज कागद कसा होता?" आणि माझ्या तोंडाकडे बघून पुढचं विचारायचा नाही.

एका सोमवारी प्रेसचं सील गेलं. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता. तयार मिश्रण वाया जाऊ नये म्हणून मी ते साच्यात भरलं आणि लाकडी ठोकळ्याने हातानेच दाबलं. लादी ठिसूळ, कडा ओबडधोबड. तरी ओव्हनमध्ये ठेवली. चार तासांनी उचलली, तर खालचा कागद कोरडा. मला खरं वाटेना. कागद उजेडात धरून पाहिला, बोटाने चोळला. मग लक्षात आलं : इतके दिवस मी जोरात दाबून ग्रॅफाइटची बारीक भोकंच बंद करत होते, आणि मेण बिचारं बाहेर फेकलं जात होतं. त्याला आत बसायला जागा हवी होती.

मी सरांच्या केबिनमध्ये कागद घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढून तो पाहिला आणि म्हणाले, "आणखी दहा वेळा करून दाखव." दहाही वेळा कागद कोरडा निघाला. मग प्रत्येक लादी आम्ही ॲल्युमिनियमच्या पाकिटात सीलबंद केली, म्हणजे चुकून मेण सुटलंच तर मासळीला लागणार नाही.

गणपती गेल्यावर पेटी पुन्हा सारसोळ्याला नेली. मावशी या वेळी थोडीच कोळंबी घेऊन आल्या. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते. दिवसभर ढग येत-जात होते. मी मनातल्या मनात प्रत्येक ढगाला शिव्या घालत होते. सहा वाजून गेले, सूर्य बुडाला, खाडीवरून दमट वारा सुटला. सातच्या सुमारास मावशींनी पेटीचं दार उघडून हात आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"काय मावशी?" मी विचारलं.

"थांब," त्या म्हणाल्या. मग दुसराही हात आत घातला आणि हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. "चारची उन्हं हायत गं आत."

तिसऱ्या दिवशी सोडे तयार झाले. फिकट गुलाबी, उजेडात धरले की आरपार दिसणारे. मावशींनी एक मोडला, आतही कोरडा होता. मूठभर कागदात बांधून त्यांनी माझ्या हातात दिले. "वांग्यात घाल. आनि तुज्या साहेबाला सांग, डब्याला पाय उंच कर, मांजर वर चढतंय."

पाय उंच केले. नंतर ट्रे काढायला सोपे केले, तेही मावशींच्या सांगण्यावरून. आता त्यांच्या शेजारच्या दोघींकडेही पेट्या आहेत. कंपनीत सध्या आम्ही आंबापोळीसाठी वेगळं मेण शोधतो आहोत. रत्नागिरीकडच्या एका बाईंनी विचारलंय. मेण मागवण्याआधी मी त्यांच्याकडे चार दिवस राहायला जाणार आहे. थर्मामीटर बॅगेत भरून ठेवलाय.